गोलंदाजांचा आकडा

फासा घरंगळत गेला, जुई नदीच्या निळ्या कापडाला जिथे सुरकुती पडली होती तिथे अडला आणि वर तीन आले. आम्ही टेबलावर असईची जुनी लढाई मांडून खेळत होतो, आणि तीन म्हणजे माझे, शिंद्यांचे गोलंदाज (तोफा डागणारे) तोफा सोडून पळाले नाहीत, अजून एक फैर झाडणार. मित्र वाकून बघत होता. त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि अगदी सहज, चिडून वगैरे नाही, म्हणाला, "चार धरले असतेस तर गेले असते. आपले म्हणून तीन दिलेस ना?" मी काहीतरी उडवाउडवी केली, पंचाने पुढची चाल घ्या म्हणून सांगितलं, खेळ पुढे गेला, संपला, आणि मी जिंकलोसुद्धा. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. ब्रश धुताना आठवायचं, झोपताना आठवायचं, दुसऱ्याच कुठल्या कामात असताना मधेच येऊन उभं राहायचं.

आपले म्हणून.

आमचं टेबल सहा बाय चार फुटांचं. त्यावर मातकट रंगाचं जाड कापड, खाली पुस्तकं घालून केलेले उंचवटे, आणि दोन निळ्या पट्ट्या म्हणजे दक्षिणेला केळणा आणि उत्तरेला जुई. एक इंच म्हणजे पन्नास यार्ड, एक फिगर म्हणजे पन्नास माणसं. फिगर पंधरा मिलिमीटरच्या, म्हणजे नखाएवढाच माणूस, पण त्याला पागोटं, बंदूक, पट्टा सगळं असतं आणि ते सगळं रंगवावं लागतं. लढाई असईची, २३ सप्टेंबर १८०३, इकडे शिंदे-भोसले आणि तिकडे ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती वेलस्ली. ह्या मापाने शिंद्यांच्या शंभरेक तोफा मांडायच्या तर आठ तोफांना एक मॉडेल धरून बारा मॉडेल झाली. वेलस्लीच्या सतरा तोफांची दोन. पुस्तकात शंभर विरुद्ध सतरा वाचून पान उलटलं जातं, पण टेबलाच्या एका बाजूला बारा नळ्या ओळीने आपल्याकडे वळलेल्या आणि आपल्यापुढे दोनच, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की वेलस्लीच्या खुर्चीत बसलेला माणूस दोन मिनिटं काही बोलत नाही, हे मी बघितलंय. शिंदे-भोसल्यांचं घोडदळ मात्र आम्ही मांडलंच नाही. तीस-चाळीस हजार म्हणतात, म्हणजे सहाशे-आठशे घोडे रंगवायचे, आणि त्यांनी त्या दिवशी केलं काय तर जवळजवळ काहीच नाही. त्यांच्यासाठी एक चिठ्ठी ठेवली, 'घोडदळ पलीकडे आहे'. अख्ख्या खेळात ती कोणी उचलली नाही, आणि मला वाटतं आमच्या खेळात इतिहासाशी सगळ्यात प्रामाणिक राहिलेली गोष्ट तीच.

आता आकड्याचं. प्रत्येक तुकडीचं एक कार्ड असतं. त्यावर माणसं किती, कवायत कशी, आणि कोपऱ्यात एक आकडा, तो म्हणजे दम. तुकडीवर मार बसला, शेजारची पलटण फुटली, संगिनी घेऊन कोणी अंगावर आलं की फासा टाकायचा. आकड्याएवढे किंवा जास्त पडले तर टिकले, कमी पडले तर मागे फिरले. सहावाले म्हणजे हवशेगवशे, पाच म्हणजे कच्चे, चार म्हणजे बरे, तीन म्हणजे मरतील पण हलणार नाहीत. खेळाचं सगळं राजकारण ह्या एका आकड्यात. नकाशा दोघांना सारखा दिसतो, अंतर टेपने मोजता येतं, माणसं मोजता येतात, पण दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा माणसाच्या छातीत किती दम होता हे खेळ मांडणाऱ्याने आदल्या रात्री पेन्सिलीने लिहायचं असतं. कार्डं मी केली होती. वेलस्लीच्या स्कॉटिश पलटणी, ७८वी हायलँडर्स तीन, ७४वी तीन, मद्रासच्या पलटणी चार. शिंद्यांचा सेनापती पोलमन, त्याच्या कंपूतल्या, म्हणजे ब्रिगेडमधल्या, पलटणी चार. आणि शिंद्यांचे गोलंदाज तीन. लिहिताना हात थांबला वगैरे काही नव्हता. आणि नेमकं तेच खुपायला लागलं, की का थांबला नाही?

बरं, 'आपले' म्हणजे कोण, हाही एक घोळच आहे, आणि तो रंगवताना जास्त कळतो. शिंद्यांच्या कवायती पायदळाला लाल डगले. कंपनीच्या मद्रासी शिपायांनाही लाल डगले. मी आधी लाल रंगाची एक बाटली काढली, तळाला काळा प्रायमर मारलेल्या फिगर काठ्यांना चिकटवून ओळीत उभ्या केल्या, आणि रात्री दिव्याखाली एकामागून एक डगले रंगवत गेलो. तिसऱ्या रात्री लक्षात आलं की कुठली काठी कुठल्या सैन्याची हे मलाच सांगता येत नाहीये. चेहऱ्यांना तोच तपकिरी वॉश, हातात तशाच बंदुका. मग बेसच्या मागच्या कडेला ठिपके दिले, एक पांढरा, एक पिवळा. तरीसुद्धा खेळ चालू असताना मित्राने माझी एक अख्खी पलटण उचलून सहा इंच पुढे नेली, माझ्याच दुसऱ्या पलटणीच्या तोंडावर, आणि मीसुद्धा ते बघत बसलो! पंचाने ओरडून थांबवलं. हसलो सगळे. पण गंमत म्हणून सोडून देण्यासारखं ते नव्हतं. शिंद्यांच्या कंपूंतले शिपाई बहुतेक हिंदुस्थानातले, गंगा-यमुनेच्या दुआबातले, अवधातले. सेनापती अँथनी पोलमन जर्मनीतल्या हॅनोव्हरचा, आधी कंपनीच्याच चाकरीत सार्जंट असलेला. जोडीला बेगम समरूच्या पलटणी, त्या सरधन्याच्या. आणि समोर वेलस्लीकडे कोण, तर म्हैसूरचे स्वार आणि चक्क पेशव्यांचे स्वार, वसईच्या तहाने कंपनीच्या बाजूला आलेले. म्हणजे मराठी बोलणारा माणूस त्या दिवशी असईच्या रानात शोधायचा तर दोन्हीकडे शोधावा लागेल, आणि दोन्हीकडे तो बहुधा घोड्यावर बसून लांबून बघत असलेला सापडेल.

मग मी आपले कुणाला म्हणत होतो?

दोन दिवसांनी मित्राला फोन केला. म्हटलं, तीन मी उगाच नाही दिले, पुरावा आहे. वेलस्लीने स्वतः पत्रात लिहिलंय की आमचं सोडलं तर हिंदुस्थानात मी पाहिलेलं सगळ्यात चांगलं पायदळ ते हेच, टिपूचं ह्यांच्यापुढे काहीच नाही. तोफांबद्दलही लिहिलंय, की इतक्या चांगल्या आहेत की आपल्याला वापरता येतील. आणि महिन्याभराने, १ नोव्हेंबरला, तिकडे उत्तरेत लासवाडीला कंपनीचा दुसरा सेनापती लेक शिंद्यांच्या उरलेल्या पलटणींशी लढला, तोही लिहितो की ही माणसं सैतानांसारखी लढली, सैतान कसले, वीरांसारखी. गोलंदाज तर संगीन पोटात जाईपर्यंत तोफेपाशी उभे होते. शत्रूच हे लिहितोय, आणखी काय पाहिजे? मित्र शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "अरे, हरलेल्याचं कौतुक करायला जिंकलेल्याचं काय जातं? समोरचा जेवढा मोठा तेवढा आपला विजय मोठा. पळपुट्यांना हरवलं असं वरच्यांना कोण लिहून कळवेल?" फोन ठेवल्यावर मला त्याचा राग आला, आणि राग आला म्हणजे मुद्दा बरोबर आहे हेही कळलं.

म्हणून मग पत्रं बाजूला ठेवली आणि हजेरीपट घेतला. मेलेल्यांच्या यादीला कौतुक करायचं कारण नसतं. इंग्रजांचे ४२८ मेले, ११३८ जखमी, १८ बेपत्ता. एकूण १५८४, आणि प्रत्यक्ष नदी ओलांडून लढलेलं सैन्य साडेचार हजारांच्या घरात. तिघांतला एक! एकट्या ७४व्या पलटणीत पाचशेच्या आसपास माणसं होती, त्यातली चारशेच्या आसपास पडली. आमच्या मापाने ४२८ मेलेले म्हणजे साडेआठ फिगर. अर्धी फिगर कशी काढायची हा प्रश्न खेळात येतो तेव्हा आपण वरच्या आकड्याला पूर्ण करून टाकतो, पंचवीस माणसं इकडची तिकडे. आणि आपल्या बाजूचा हिशेब शोधायला जावं तर मिळतो तो इंग्रजांनी केलेला अंदाज. बाराशे मेले असतील, मेले-जखमी मिळून सहा हजार असतील. असतील. तोफा मात्र नीट मोजल्या त्यांनी, शंभराच्या आतबाहेर, कारण तोफा घेऊन जायच्या होत्या. त्या तोफांमागच्या माणसांचा आकडा कुणीच लिहिला नाही, आणि दोनशे वर्षांनी त्यांच्या नावापुढे पेन्सिलीने एकच आकडा पडतो, तो मी एका कार्डाच्या कोपऱ्यात लिहिलेला तीन. हे मनात आल्यावर मी उठून पाणी प्यायलो.

खरं तर दुसऱ्या बाजूने आम्ही किती बेइमानी करतो तेही सांगितलं पाहिजे. वेलस्लीचा सगळा मोठेपणा ज्या एका गोष्टीत आहे ती टेबलावर करताच येत नाही. वाटाड्ये सांगत होते की केळणेला इथे उतार, म्हणजे पायी ओलांडायची जागा, नाही. ह्याने दुर्बिणीतून बघितलं, अलीकडे पिंपळगाव, पलीकडे वरूड, दोन गावं नदीच्या दोन काठांवर समोरासमोर, मग मधे उतार असणारच, नसता तर गावं अशी वसलीच नसती. निघाला. पाण्यातून जाताना शेजारच्या ऑर्डर्लीचं डोकं तोफेच्या गोळ्याने उडालं, पण उतार निघाला. आता आमच्या टेबलावर हा उतार मित्राला माहीत, मला माहीत, कापडावर तो शिवलेला. मी मांडणी करताना गुपचूप दोन पलटणी आणि तीन तोफा वरूडपाशी ठेवल्या. मित्राने एक नजर टाकली आणि म्हणाला, "हे पोलमनला सुचलं होतं का तुला सुचलंय?" पंचाने मला त्या उचलायला लावल्या. बरोबरच होतं. पण मग उरलेल्या खेळात आम्ही दोघंही असे वागत होतो, जणू पुढचं पान वाचलेलं नाही. नाटकातल्या माणसाने दार वाजल्यावर दचकायचं असतं ना, तसं. वेलस्लीचा अधिकारी ऑरॉक, त्याचंही तेच. त्याने पिकेट, म्हणजे पहाऱ्याच्या तुकड्या, घेऊन नदीकडेनं सरळ असई गावाच्या तोफांच्या तोंडात जायचं आणि मागोमाग ७४वीने, ही चूक इतिहासात आहे, पण कुठला शहाणा खेळाडू ती आपणहून करेल? म्हणून नियम केला की फाशावर एक ते चार आलं तर पिकेट भरकटलेच. दोन आले. मित्राने स्वतःच्या हाताने ७४वी उचलली आणि असईच्या भिंतींपुढे नेऊन ठेवली, आणि त्याचा चेहरा असा झाला की मला क्षणभर ऑरॉकचीच दया आली.

पोलमनने केलेली एक गोष्ट मात्र करून बघण्यासारखी आहे, आणि ती मी पुस्तकात दहादा वाचूनही समजलो नव्हतो. त्याची सगळी फळी केळणेकडे तोंड करून उभी होती, लांबलचक. वेलस्ली बाजूने घुसला, फळी कडेने गुंडाळायची म्हणून. आणि ह्या माणसाने अख्खी फळी काटकोनात वळवली, दोन नद्यांच्या बेचक्यात, तोफांसकट. वेलस्लीला वाटलंच नव्हतं हे ह्यांना जमेल म्हणून. टेबलावर मला ह्या वळणाला तीन चाली लागल्या. एका टोकाची पलटण जागच्या जागी पावलं मोजतेय, दुसऱ्या टोकाची जवळजवळ पळतेय, मधल्या ओळी वाकतायत, तोफा मागे राहतायत, मी टेप धरून घामाघूम, आणि माझ्यावर तर कोणी गोळी झाडत नव्हतं. तिथे त्यांनी ते केलं, धुळीत, बैल जुंपलेल्या तोफा ओढत. ह्या एका हालचालीसाठी मी पायदळाला चार दिले होते आणि खरं सांगायचं तर ते कमीच दिले.

प्रशियाच्या सैन्यात हा खेळ पहिल्यांदा रीतसर घेतला तो १८२४ साली, राइसविट्झ नावाच्या तरुण लेफ्टनंटचा. नकाशा, ठोकळे, फासे आणि पंच. तो बघून तिथला चीफ ऑफ स्टाफ मुफ्लिंग म्हणाला म्हणतात, की हा खेळ नाही, हे लढाईचं शिक्षण आहे. आता मुफ्लिंग कोण, तर १८१५ला वॉटर्लूच्या मोहिमेत वेलिंग्टनच्या छावणीत प्रशियाचा दूत म्हणून होता तोच. आणि वेलिंग्टन म्हणजे आपला वेलस्लीच, असईचा. म्हातारपणी त्याला कोणी विचारलं की तुमची सगळ्यात चांगली लढाई कुठली, तर वॉटर्लू नाही म्हणाला, असई म्हणाला. मला ही साखळी फार आवडते आणि थोडी भीतीही वाटते तिची. मुफ्लिंगने खरी लढाई बघितली होती, त्यामुळे त्याला ठोकळ्यांमधून ती दिसली असेल. मी ठोकळेच बघितलेत. मला ठोकळ्यांमधून काय दिसतं?

एकदा दिसलं, असं वाटतं. ह्याच खेळात, शेवटून तिसऱ्या चालीत.

त्याआधी मित्राची फळी माझ्या तोफांवर येऊन आदळली होती. दोनदा मी फासा टाकला, दोनदा तीन आले, दोन्ही वेळा गोलंदाज टिकले. एकदा तर आधीच सांगितलेला, जुईच्या सुरकुतीत अडकलेला. तिसऱ्यांदा संगिनीची चढाई झाली, तिथे दमाचा प्रश्नच नव्हता, कापले गेले. मित्राने सवयीने हात पुढे केला आणि गोलंदाजांच्या फिगर डब्यात टाकायला लागला. मी म्हटलं, थांब, आडवे ठेव, तोफांपाशीच. हा नियम मीच घातला होता, पंचाला माहीत होता, मित्राला नव्हता. प्रत्यक्षात काय झालं ते असं, की इंग्रजांची फळी तोफा ओलांडून पुढे गेली, आणि प्रेतांसारखे पडलेले काही गोलंदाज उठले, तोफा फिरवल्या आणि पाठीमागून ग्रेप, म्हणजे छर्रे, झाडायला लागले. वेलस्लीला ७८वी आणि घोडेस्वार घेऊन परत उलटं फिरावं लागलं, त्याच तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या, त्यात त्याच्या डायोमेड घोड्याला भाला लागला. तर नियम असा की फळी सहा इंच पुढे गेली की पंचाने गुपचूप फासा टाकायचा, सहा आले तर उठले. पंचाने पेल्याखाली फासा फिरवला, चार मॉडेलांसाठी चारदा. मग काही न बोलता हात लांब करून दोन तोफांची तोंडं फिरवली आणि शेजारी आडव्या पडलेल्या फिगर दोन बोटांत धरून उभ्या केल्या. एकाच्या हातातला तोफ ठासायचा दांडा वाकला होता, शिशाचा, पडून पडून. तो नीट उभा राहीना. पंचाने त्याला तोफेच्या चाकाला टेकवून उभा केला.

आम्ही तिघंही गप्प होतो. मित्र आपली ७८वी हातात धरून बसला होता, पुढे न्यायची का मागे वळवायची ते ठरेना.

त्या क्षणी जिंकणं-हरणं कोणाच्या डोक्यात होतं असं मला वाटत नाही. मला फक्त एवढंच वाटत होतं की ज्या माणसाला उठायची काहीही गरज नव्हती तो का उठला असेल. फौज हललेली, शिंदे आणि भोसले दोघंही रणातून निघून गेलेले, शिंद्यांच्या चाकरीतल्या साहेब लोकांची कंपनीकडून फितवाफितवी चाललेली, कित्येकांनी आधीच चाकरी सोडलेली. मेल्याचं सोंग चांगलं वठलं होतं. रात्र पडली असती, ओढ्यातून निसटता आलं असतं. हा उठला आणि परत तोफेपाशी गेला. ह्याला मी सहा आले तर असा नियम लावला होता. सहातून एकदा.

मी जिंकलो ते गुणांवर. ७४वी संपली होती, इंग्रज घोडदळाचा सरदार मॅक्सवेल, त्याचे स्वार तिला सोडवायला आले ते उशिरा आले आणि मॅक्सवेल पडला, तोही पडलाच होता खरोखर. संध्याकाळी फिगर डब्यात भरताना मी वाकड्या दांड्याचा गोलंदाज वेगळा ठेवला, सरळ करायचा म्हणून. केला नाही अजून.

नंतर एकदा त्या भागातून जाणं झालं, तेव्हा केळणेच्या काठावर थोडा वेळ उभा राहिलो. खरं सांगतो, काही झालं नाही. काळी माती, पात्रात थोडं पाणी, पलीकडे शेतं. मला टेबल आठवत होतं. समोर खरी नदी आणि माझ्या डोक्यात निळी पट्टी, मी मनात इंच मोजतोय! काठाची उंची मात्र मी टेबलावर धरली होती त्यापेक्षा जास्त वाटली, तेवढं वहीत लिहून घेतलं.

परवा पुन्हा मांडली असई. ह्या वेळी बाजू बदलल्या, मी वेलस्ली, तो पोलमन. काठ वाढवला, त्यासाठी कापडाखाली पुठ्ठा घातला. कार्डं मी कोरी करून आणली होती, सगळे आकडे खोडून, म्हटलं ह्या वेळी तू लिही, म्हणजे माझ्यावर आरोप नको. त्याने पेन्सिल घेतली. हायलँडर्सना तीन लिहिले. मद्रासला चार. स्वतःच्या पायदळाला चार, मग जरा विचार करून तसंच ठेवलं. गोलंदाजांचं कार्ड शेवटी घेतलं, आणि एका झटक्यात तीन लिहून उलटं ठेवून दिलं.

"आपले म्हणून?" मी विचारलं.

"नाही रे," तो म्हणाला. "आज तोफांमागे मी आहे म्हणून."

मी टेप उघडली आणि पिंपळगावापासून नदीपर्यंतचं अंतर मोजायला घेतलं.